मस्कतच्या उतारावर बंद केलेली गाडी

ताई, तू गेल्यापासून आई रडलेली नाही. हे आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं याच्यापाशीच येऊन थांबतं.

भेटायला येणारे रडतात. समोरच्या जयाबेन रडल्या, तुझ्या ऑफिसातल्या बायका रडल्या, म्हसळ्याची मावशी तर जिन्यातूनच रडत वर आली. आई त्यांना पाणी देते, पंखा मोठा करायला सांगते आणि मग मस्कतची गोष्ट सांगायला घेते.

"परदेशात डोंगरावरून गाडी आणली हो तिने खाली. इंजिन बंद करून. जरा म्हणून आवाज नाही. मी मागे बसलेली, मला वाटलं होडीतच बसलेय. घाबरणं कशाशी खातात हे माहीत नाही आमच्या शैलाला."

ऐकणारे डोळे पुसून माना डोलावतात. मी समोरच्या खुर्चीत असतो. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी तुला आणि मला माहीत होती. आता फक्त मला आहे. हॉस्पिटलात तू म्हणालीस, "आईला सांग." मी अजून सांगितलेलं नाही. आई ऐंशीच्या घरात आहे, तिचं ब्लडप्रेशर तुला ठाऊक आहे, आणि जी बाई लेकीच्या तेराव्याला एक टिपूस न काढता पंगत वाढायला उभी राहते, तिच्या आत काय चाललंय याचा मला अंदाज येत नाही. धक्का लावायची भीती वाटते.

भीतीचं खातं घरात माझ्याकडेच होतं. तूच दिलं होतंस.

गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आपण तिघं मीरा रोडला आलो ते ऐंशीचं दशक संपता संपता. बिल्डिंगच्या मागे मिठागरं होती, पुढे रस्ता होणार असं बिल्डरने सांगितलेला चिखल होता. टँकर येईल त्या दिवशी आंघोळ. रिक्षावाले स्टेशनजवळ उभे असायचे आणि आपल्या बाजूचं नाव काढलं की मान फिरवायचे. तू चाळिशी ओलांडलेली, फोर्टातल्या एका शिपिंग कंपनीत हेडक्लार्क. एका संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणालीस, "मी गाडी शिकणारे."

"कोणाची?" आईने विचारलं.

"माझी. घेणारे."

मोटार ट्रेनिंगचे मास्तर तुला मिठागरांकडच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन जायचे. एकदा हौसेने मीही मागे बसलो होतो. तू समोरून येणाऱ्या ट्रकला जागा न देता तशीच पुढे गेलीस. मास्तरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "मॅडम, थोड़ा डरना भी चाहिए. गाड़ी है, सिलाई मशीन नहीं."

"डरने का डिपार्टमेंट मेरे भाई के पास है, मास्तरजी," तू म्हणालीस. "पीछे बैठा है, देखो."

मास्तरांनी वळून बघितलं. मी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती.

मला भिण्याचा पगारच मिळत होता म्हण. पेपरच्या डेस्कवर मी वर्षानुवर्षं अपघातांच्या बातम्या नीट केल्या. हायवे, काशिमिरा, घोडबंदर रस्ता. वार्ताहर फोनवर सांगायचे, मी लिहून घ्यायचो, लांबी कमी करायचो. नाव, वय, राहणार, आणि मग ते वाक्य, चालकाचा ताबा सुटला. ते वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या मागे ते मला लिहिलेलं दिसायचं. तू सेकंडहँड फियाट घेतलीस त्या दिवशी आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मी तुझ्या नावापुढे वय लिहून झालेलं मनातल्या मनात खोडलं.

तरीही मी त्या गाडीत बसलो. तू मला बसवलंस. टँकर आला नाही की तू डिकीत आणि मागच्या सीटवर कॅन भरून काशिमिऱ्याहून पाणी आणायचीस, जयाबेनचे दोन कॅनही असायचे. त्या गाडीने आपल्याला या उजाड गावात माणसांत आणलं. लोक तुला शैलाबेन, मॅडम, दीदी, ज्याला जे येईल ते म्हणायला लागले. मला ते लोक 'मॅडमका भाई' म्हणून ओळखायचे. आजही ओळखतात.

रविवारी आपण घोडबंदरला जायचो. किल्ल्यापाशी थोडं थांबायचं, मग पुढे घाटात. चढ संपून खाडीकडचा उतार लागला की तू किल्ली फिरवून इंजिन बंद करायचीस आणि गाडी न्यूट्रलला टाकायचीस. पेट्रोल वाचतं. त्यात वेगळं काही नव्हतं, तेव्हा बहुतेक सगळे हेच करायचे, टॅक्सीवालेसुद्धा. फियाटला इंजिन चालू असो की बंद, ब्रेक तोच आणि स्टिअरिंग तेच. जड होतं ते दोन्ही वेळा सारखंच जड. ब्रेक एकदम न दाबता हपसायचा, थोडा थोडा, हेही तुला मास्तरांनी शिकवलं होतं. इंजिन बंद झालं की फक्त टायरांचा आवाज उरायचा. आई मागच्या सीटवर मांडी घालायची आणि म्हणायची, "आत्ता कशी होडीत बसल्यासारखी वाटते." तिचं लहानपण खाडीकाठचं. तिला मोटारीतला मोटारीचा भागच आवडत नव्हता. तो उतार तू तिच्यासाठी बंद गाडीने उतरायचीस, असं मला पुढे पुढे वाटायला लागलं. पेट्रोलचं निमित्त होतं.

हे सगळं मी इतक्या तपशिलात लिहितोय, कारण पुढे जे झालं ते बेदरकारपणाने झालं नाही, हे मला नोंदवायचंय. ते सवयीने झालं. आईला खूश करायची एक सवय आणि काटकसरीची एक.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात आपण मस्कतला गेलो. तुझी ऑफिसातली जुनी मैत्रीण मंदा लग्न होऊन तिकडे स्थायिक झाली होती, तिने व्हिसाचं बघितलं. तू ठाण्याच्या आरटीओतून परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आणलास आणि तो मला असा दाखवलास, जसा लोक पोराचा निकाल दाखवतात. मंदाला आणि तिच्या यजमानांना रजा नव्हती. त्यांनी एक जपानी गाडी भाड्याने ठरवून दिली, आणि आदल्या दिवशी यजमानांनी तुझी शिकवणी घेतली. गाडी उजवीकडून. स्टिअरिंग डावीकडे. गिअर आपोआप पडतात, क्लच नाही, डावा पाय स्वस्थ ठेवायचा. गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हॉर्न वाजवायचा नाही, इथे ती शिवी समजतात.

"हॉर्न नाही?" तू म्हणालीस. "मग लोकांना कळणार कसं मी आलेय ते?"

उतारावर इंजिन बंद करू नका, असं त्यांनी सांगितलं नाही. कोणी करत नाही अशा गोष्टीची सूचना कोण देणार?

पहिले दोन दिवस मी भीतीने आणि आई हसण्याने बेजार होतो. तू सवयीने उजव्या दारातून आत बसायचीस आणि समोर स्टिअरिंग नसायचं. वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लागायचे. कडकडीत ऊन, आणि काचेवर वायपर. "पाऊस कुठेय गं?" आई मागून विचारायची. एका गोल चौकातून तुला बाहेरच पडता येईना. आपण फिरत राहिलो. मी नकाशा धरून बसलो होतो. आई शांतपणे म्हणाली, "शैले, हे झाड मघाशी बघितलं आपण."

"तुला नीट दिसावं म्हणून परत दाखवतेय," तू म्हणालीस.

तिसऱ्या दिवशी तुझा हात बसला. मंदाने डोंगरापलीकडचं एक कोळ्यांचं गाव सुचवलं होतं. रस्ता सुंदर होता, आपल्याकडे तसा तेव्हा एकही नव्हता. दोन्हीकडे उघडे, तपकिरी डोंगर, झाडाचं पान नाही. चढ संपला आणि एकदम खाली समुद्र दिसला. डावीकडे कापलेला कडा, उजवीकडे लोखंडी कठडा, आणि कठड्यापलीकडे काही नाही. रस्ता वळणावळणाने खाली जात होता आणि तो घोडबंदरच्या उतारासारखा नव्हता, फार उभा होता. कडेला एक पाटी होती, अरबीत आणि इंग्रजीत. मी ती मोठ्याने वाचली. उतार तीव्र आहे, खालच्या गिअरमध्ये चालवा.

मी वाचत होतो तेव्हा तुझा हात किल्लीवर होता. आईने एसीच्या गारठ्याने शाल कानाभोवती घट्ट गुंडाळली होती. तू आरशात तिच्याकडे बघून हसलीस आणि किल्ली फिरवलीस.

आवाज गेला. एसीचाही गेला.

"आत्ता कसं!" आई म्हणाली.

पहिल्या वळणाला तू ब्रेक हपसलास, फियाटमध्ये हपसायचीस तसा. गाडी हळू झाली. पुन्हा हपसलास, थोडी कमी हळू झाली. मग पायाखालचा ब्रेक दगड झाला. हे तू मला नंतर सांगितलंस. मला फक्त एवढं दिसलं, की तू पाय मारतेयस आणि काही होत नाही. आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढतेयस, खांद्यापासून, विहिरीचा रहाट ओढल्यासारखं. किल्ली परत फिरवायचं तुला सुचलं नाही, मलाही नाही. त्या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही इंजिनाच्या जोरावर हलके होते, हे मंदाच्या यजमानांनी संध्याकाळी कशावरून तरी सहज सांगितलं. तोवर आपल्याला कळून चुकलं होतं.

दुसरं वळण तू कसं घेतलंस मला माहीत नाही. कठडा माझ्या खिडकीला लागून गेला. त्याच्यावरचा गंज दिसला.

तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते मी तुला कधी बोललो नाही. देव आला नाही, आईही आली नाही. बातमी आली. परदेशात अपघात, मीरा रोडचे तिघे ठार. मथळा एका कॉलमात बसेल का, हेही आलं. पुढे तिघांची नावं आणि वयं आली, माझ्याच अक्षरात, आणि मग ते वाक्य. चालकाचा ताबा सुटला. मी ते वाक्य वाचत होतो आणि गाडी खाली जात होती. इतकी थंड भीती मला आधी कधी वाटली नव्हती, नंतर एकदाच वाटली, तुझ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये.

"किती शांत," आई मागून म्हणाली. "ते पाणी बघ रे सुधीर, आपल्या खाडीसारखं. पण हे निळं आहे."

तुझा उजवा हात डॅशबोर्डच्या खाली काहीतरी चाचपत होता. फियाटचा हँडब्रेक तिथे असतो. इथे तिथे काही नव्हतं. मग तू बोललीस. आवाज इतका साधा होता, की मीठ दे म्हणत असावीस.

"सुध्या, आपल्या दोघांच्या मध्ये एक दांडा आहे. तो वर ओढ. हळूहळू. सोडू नकोस."

मी ओढला. मागून कर्कश आवाज आला, गाडीची शेपटी हलली. तू दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून जवळजवळ उभी राहिलीस. तिसऱ्या वळणाच्या आधी कठडा संपून खडीची एक मोकळी पट्टी होती. तू गाडी त्या खडीत घातलीस. खडी चाकांखाली खूप वेळ वाजत राहिली, मग वाजायची थांबली.

"काय गं, टायर वाजला?" आईने विचारलं.

"दगड होता."

"आणि थांबलीस का?"

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या ओठांवर रंग नव्हता.

"फोटोला," तू म्हणालीस.

म्हणून तो फोटो काढला. खडीच्या टोकाला आई आणि तू, मागे समुद्र. आईने तुला शालीत ओढून घेतलंय, तुझे हात त्या शालीच्या आत आहेत. तू हसतेयस. आज भिंतीवर चंदनाचा हार घातलेला फोटो त्यातूनच तुझ्यापुरता कापून मोठा केलाय, आईनेच निवडला. "हिचा एवढा छान फोटो दुसरा नाही," म्हणाली. शालीच्या आत तुझे हात कसे थरथरत होते ते मला माहीत आहे, कारण माझ्याकडून कॅमेरा परत घेताना तो तुझ्या हातून दोनदा निसटला.

मग आई समुद्र बघत बसली आणि आपण गाडीच्या मागच्या बाजूला उभे राहिलो. तू डिकीला टेकलीस.

"सुध्या, मला नाही जमणार."

"काय?"

"खाली न्यायला. वर न्यायलाही. मला भीती वाटतेय रे. पाय धरत नाहीयेत."

मी तुला तसं कधी बघितलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही. मला गाडी येत नव्हती. आसपास फोन नव्हता, माणूस नव्हतं. आई शंभर पावलांवर बसली होती आणि तिला घरी न्यायचं होतं. माझ्या भीतीचं काय करायचं ते मला ठाऊक होतं, आयुष्यभराची सवय होती. तुझ्या भीतीचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

एक पिकअप येऊन थांबली. म्हातारा कोळी, डोक्याला फडकं, मागे जाळी. त्याने हिंदीतच विचारलं, "क्या हुआ बहन? गाड़ी खराब?"

"नहीं नहीं," तू ताठ उभी राहिलीस. "फोटो निकाल रहे हैं."

"यहाँ?" त्याने खडीतल्या चाकोऱ्यांकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. "अच्छा. धीरे आना. मैं आगे चलता हूँ."

तो खरंच पुढे चालला, अगदी सावकाश, आणि तू इंजिन चालू करून, खालच्या गिअरमध्ये, त्याच्या मागे गाडी नेलीस. तुझे ओठ हलत होते. रामरक्षा म्हणत होतीस की मास्तरांचे धडे, मी विचारलं नाही. खाली गावात आईने त्याच्या टोपलीत डोकावून बघितलं आणि विजयी आवाजात म्हणाली, "अगो, ही तर आपली सुरमई!" तू हसायला लागलीस आणि ते हसू थांबेना. आईला वाटलं सुरमईला हसतेयस. परतीचा घाटही तूच चढवलास.

घरी आल्यापासून गोष्ट सुरू झाली. आधी जयाबेनला, मग बिल्डिंगला, मग म्हसळ्याला. प्रत्येक वेळी डोंगर थोडा उंच व्हायचा. तू स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचीस.

"मी सांगते तिला," एकदा म्हणालीस.

"कशाला? झालं ते झालं. एवढी खूश आहे ती."

"मला चोरासारखं वाटतं. तुझ्या पेपरात चालतं का असं? दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता ना?"

"तक्रार आली तर छापतो. इथे तक्रार कुणाची आहे?"

"माझी आहे."

मी विषय बदलला. मला तेव्हा वाटत होतं की मी आईला जपतोय. वाद तिथे राहिला, आपल्या घरातले बरेच वाद राहतात तसा, कुकरची शिट्टी झाली म्हणून.

त्यानंतर घोडबंदरच्या उतारावर तू गाडी कधी बंद केली नाहीस. आईच्या ते लक्षात आलं.

"हल्ली बंद करत नाहीस गं गाडी. तेव्हा कसं छान वाटायचं."

"पेट्रोल स्वस्त झालंय."

"कधी? मला कोणी सांगितलं नाही ते?"

तू आरशात माझ्याकडे बघायचीस. मी खिडकीबाहेर बघायचो.

मग तुझं दुखणं निघालं. त्याचा तपशील मी इथे देत नाही, तुला तो पाठ होता. हॉस्पिटलात लोक यायचे आणि आई तुझ्या उशाशी बसून त्यांना मस्कत सांगायची. "ऑपरेशनचं काय घेऊन बसलात? त्या डोंगरावर नाही घाबरली ती." लोक तुझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि तू त्यांच्यासाठी हसायचीस. त्या फोटोतल्यासारखी. मी ते हसू ओळखलं.

आई चहा आणायला खाली गेली तेव्हा तू म्हणालीस, "सुध्या, आईला सांग."

"काय?"

"मस्कतचं. मी मेल्यासारखी घाबरले होते ते. आणि आत्ता घाबरलेय तेही."

"तू बरी होऊन ये. मग तूच सांग."

"तुला कळत नाहीये. ती सगळ्यांना सांगते ना, शैला घाबरत नाही. मग मला घाबरताच येत नाही रे तिच्यासमोर. तोंड दुखतं माझं."

आई चहा घेऊन आली. तू उशीवर सरळ झालीस आणि म्हणालीस, "साखर घातलीस ना? का परत विसरलीस?"

तो विषय पुन्हा निघाला नाही. ऑपरेशन झालं आणि तू उठली नाहीस. मी रात्रंदिवस दुसऱ्यांच्या बातम्या वेळेवर देणारा माणूस. तुझा निरोप माझ्याकडे पडून राहिला.

इथवर लिहून मी थांबलो होतो. परवा दुपारी मी तो दिला.

कोणी भेटायला आलेलं नव्हतं. आई गॅलरीत मेथी निवडत होती, खाली रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते. मी शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि सांगितलं. बातमी सांगावी तसंच सांगितलं, मला दुसरं येत नाही. इंजिन बंद केल्यावर त्या गाडीचा ब्रेक लागत नव्हता. स्टिअरिंग वळत नव्हतं. आपण कठड्यावरून जाणार होतो. हँडब्रेकने थांबलो. सांगताना मी तिच्या श्वासाकडे बघत होतो, तिच्या गोळ्यांची डबी खिशात ठेवली होती.

आईचे हात थांबले.

"म्हणजे दगड नव्हता तो?"

"नाही."

"आणि फोटो?"

"ती तुला कळू नये म्हणून बोलली."

आईने खुर्चीचा हात धरला. घट्ट, बोटं पांढरी होईपर्यंत. ताई, ती तो उतार तेव्हा, त्या गॅलरीत बसून उतरली. इतक्या वर्षांनी, मेथीची जुडी मांडीवर घेऊन. तिची नजर समोरच्या बिल्डिंगवर होती आणि मला माहीत होतं की तिला बिल्डिंग दिसत नाहीये. मी डबी बाहेर काढली. तिने मानेनेच नको म्हटलं.

"मी म्हणत होते, किती शांत," ती म्हणाली. "ती तिकडे मरत होती आणि मी म्हणत होते, किती शांत."

"तुला माहीत नव्हतं."

"घाबरली होती?"

"खूप."

"तुला म्हणाली तसं?"

"हो. थांबल्यावर. पाय धरत नाहीत म्हणाली."

"आणि हॉस्पिटलात?"

मी डबी परत खिशात ठेवली. मग हो म्हटलं. आणि तू जे म्हणाली होतीस ते शब्दाला शब्द सांगितलं, तोंड दुखतं म्हणालीस त्यासकट. त्यात मी काही कापलं नाही.

खाली रिक्षावाल्यांचं भांडण मिटलं. मला वाटलं मी चूक केली. वाटलं, तिच्याकडे तुझं एवढंच उरलं होतं आणि तेही मी मोडलं. "तिला वाटलं तुला उगाच काळजी," असं मी म्हणायला लागलो.

"गप रे," आई म्हणाली.

तिने मेथी मांडीवरून खाली ठेवली. हात पदराला पुसले. मग तो पदर तोंडावर घेतला आणि ती रडली, ताई. लहान मुलं रडतात तशी, आवाज न आवरता. जयाबेन आपल्या दारातून धावत आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला आणि मग परत ओढून धरला. रडता रडता ती एकच गोष्ट म्हणत होती, मला नाही, तुला.

"मला हाक मारायची होतीस गं शैले. मी मागेच तर बसले होते. हात लांब केला असता तर तुझ्या खांद्याला लागला असता."